'पण सिंगल्सला काय केलं तिने?' असं विचारणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

प्रति,
"सानिया? ती तर डबल्सवाली" असं म्हणून विषय गुंडाळून टाकणारे सर्व काका, मामा, दादा, क्लबातले सीनियर मेंबर, आणि वाचत असलात तर आपल्या पेपरांची स्पोर्ट्सची पानं लावणारे तुम्ही सगळे,

स.न.वि.वि.

परवा आमच्याकडे एक साखरपुडा होता, आणि तिथे माझ्या मावसबहिणीची आठ वर्षांची मुलगी टेनिसला जायला लागलीय असा विषय निघाला. लगेच कोणीतरी म्हणालं, वा, आता आपल्या घरात सानिया मिर्झा होणार! त्यावर आमचे एक काका, जे दर वर्षी विम्बल्डनची फायनल बघतात आणि मधले पंधरा दिवस काहीच बघत नाहीत, ते मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "सानिया? सिंगल्सला काय केलं तिने? चांगला पार्टनर मिळाला म्हणून जिंकली. डबल्स म्हणजे काय, अर्धं कोर्ट सांभाळायचं." पंगतीत चार माना हलल्या. मी काहीच बोलले नाही कारण नवऱ्या मुलाची आई शेजारी बसली होती आणि माझ्या तोंडात जिलबी होती. पण रात्री झोप येईना, म्हणून हे पत्र. काका, तुम्ही एकटेच नाही हो, क्लबात हे वाक्य मी गेली दहा-बारा वर्षं ऐकतेय.

तर आधी सिंगल्सचंच घेऊ, कारण प्रश्न तुम्हीच विचारलाय.

सत्तावीस. ऑगस्ट २००७ मध्ये सानिया सिंगल्सच्या रँकिंगमध्ये जगात २७ वी होती. तिच्या आधी एकही भारतीय बाई सिंगल्सच्या पहिल्या शंभरात आली नव्हती, आणि २०२३ मध्ये ती रिटायर झाली त्या दिवसापर्यंत दुसरी कोणी आली नव्हती. तिच्या आधीची निरुपमा वैद्यनाथन, जिने १९९८ ला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मेन ड्रॉची, म्हणजे मुख्य स्पर्धेतली, मॅच जिंकली तेव्हा आपल्याकडे तोच इतिहास होता, ती बिचारी एकटी प्रवास करत, स्पॉन्सर शोधत १३४ पर्यंत पोचली होती. आता १३४ आणि २७ मधलं अंतर कागदावर शंभर-सव्वाशेचं दिसतं पण ज्यांनी टेनिस जवळून बघितलंय त्यांना माहितीय की तो वेगळाच देश आहे. म्हणजे ज्या गोष्टीत ती "काहीच करू शकली नाही" असं आपण म्हणतो त्या गोष्टीत ती आपल्या देशातली आजवरची सगळ्यात मोठी प्लेयर आहे. मला हे वाक्य लिहितानासुद्धा हसू येतंय.

मी तिच्याच वयाची. जानेवारी २००५ मध्ये मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते आणि हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये केबलवाल्याच्या कृपेने मेलबर्नची मॅच दिसत होती, सकाळची वेळ, आम्ही सात-आठ जणींनी लेक्चर बुडवलं होतं. वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर, आलेली अठरा वर्षांची मुलगी दोन राउंड जिंकून तिसऱ्या राउंडला सेरेना विल्यम्ससमोर उभी होती. नाकात रिंग, दोन्ही हातांनी केस मागे बांधायची ती सवय, आणि तो फोरहँड. पहिला सेट १-६ गेला, अर्ध्या मुली उठून आंघोळीला गेल्या. दुसरा सेट ४-६. हरली. पण त्या दुसऱ्या सेटमध्ये दोन-तीन फोरहँड असे बसले की सेरेना जागची हलली नाही, नुसतं वळून बघितलं तिने. ती स्पर्धा पुढे सेरेनानेच जिंकली. आमच्यातली एकही जण टेनिस खेळत नव्हती, पण त्या दिवशी संध्याकाळी मेसच्या ताटाने फोरहँड मारून बघितलेला मला आठवतोय, माझ्यासकट सगळ्यांनी.

त्यानंतरचे सहा-सात महिने म्हणजे वेडच होतं. फेब्रुवारीत हैदराबादला, स्वतःच्या गावात, लाल बहादूर स्टेडियमवर अलोना बोंडारेन्कोला तीन सेटमध्ये हरवून डब्ल्यूटीएचं, म्हणजे बायकांच्या प्रोफेशनल टूरचं, सिंगल्स टायटल जिंकलं, असं करणारी पहिली भारतीय बाई. लगेच दुबईत स्वेतलाना कुझ्नेत्सोव्हाला हरवलं, जी तेव्हा यूएस ओपनची चालू चॅम्पियन होती. सप्टेंबरात यूएस ओपनच्या चौथ्या राउंडपर्यंत गेली, तिथे शारापोव्हाने तिला धुतलं, ६-२, ६-१, खोटं कशाला बोलायचं. त्या वर्षी डब्ल्यूटीएने तिला वर्षातली सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरवलं. २००६ मध्ये सोलला मार्टिना हिंगिसला, एकेकाळच्या नंबर वनला, हरवलं (हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). २००७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत हार्ड कोर्टवर ती जे खेळली, स्टॅनफर्डची फायनल वगैरे, त्यातून ते २७ आलं.

आणि आपले पेपर तेव्हा काय छापत होते? "टेनिससुंदरी सानिया." आणि हरली की "सानियाचे आव्हान संपुष्टात." पेपरवाल्या मंडळींनो, रागावू नका, पण ही दोन वाक्यं तुमच्याकडे तयार टाइप करून ठेवलेली असायची का? कोण हरवलं, कसं हरवलं, सर्व्ह का पडत नव्हती, याबद्दल दोन ओळी मिळाल्या तर नशीब. स्कर्टची लांबी मात्र चवीने चघळली गेली. कुठल्या धर्मगुरूंनी काय म्हटलं, तिच्या टीशर्टवर काय लिहिलं होतं, झेंड्याजवळ पाय होता की नव्हता. २००८ मध्ये तर वादांना इतकी वैतागली की बंगळुरूची स्पर्धा, स्वतःच्या देशातली, तीच खेळायची नाही असं तिने ठरवलं. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. मी एकवीसची असताना माझा सगळ्यात मोठा वाद मेसच्या बिलावरून झाला होता.

आता शरीराचं. हे लोकांना माहितीच नसतं किंवा माहिती असून सोयीस्कर विसरतात. सानियाची तीन ऑपरेशन्स झाली, दोन्ही गुडघे आणि उजवं मनगट. तिचे सांधे मुळातच जास्त लवचिक, म्हणजे गरजेपेक्षा जास्त वाकणारे, आणि गंमत अशी की त्या फोरहँडमध्ये जो झटका होता तो त्याच मनगटातून यायचा. देणगी आणि दुखणं एकाच हाडात. २००८ ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्याच मॅचला मनगटामुळे अर्ध्यावर सोडून बाहेर पडावं लागलं. त्या काळात स्वतःचे केस विंचरता येत नव्हते असं तिने नंतर सांगितलंय, आणि त्यानंतर काही महिने ती डिप्रेशनमध्ये होती हेही तिनेच मोकळेपणाने सांगितलंय, आपल्याकडे खेळाडू डिप्रेशन हा शब्द उच्चारायलाही घाबरायचे तेव्हाच्या त्या दिवसांबद्दल. ऑपरेशननंतर परत आली, पण सिंगल्सच्या रँकिंगचा हिशोब निर्दयी असतो, सहा महिने खेळला नाहीत की गेल्या वर्षीचे पॉइंट गळतात, रँक घसरली की क्वालिफाइंग खेळा, म्हणजे मेन ड्रॉच्या आधीच दोन-तीन मॅच जास्त, म्हणजे गुडघ्यांवर अजून लोड, म्हणजे पुन्हा दुखापत. हे चक्र तिने तीन-चार वर्षं फिरवून बघितलं.

हो, आणि तिचा खेळ परिपूर्ण होता असं मी अजिबात म्हणत नाहीये. सेकंड सर्व्ह कायम कच्ची होती, टॉपच्या बायका त्या सर्व्हवर दोन पावलं पुढे येऊन उभ्या राहायच्या, आणि कोर्टवरची हालचाल पहिल्या दहातल्या मुलींसारखी कधीच नव्हती. ग्रँड स्लॅम, म्हणजे वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा, त्यांत सिंगल्सची क्वार्टर फायनल तिने कधी गाठली नाही. तिचं सिंगल्स एका मोठ्या शस्त्रावर आणि जिद्दीवर उभं होतं आणि ते शस्त्र मनगटात होतं आणि मनगटाचंच ऑपरेशन करावं लागलं. एवढी साधी गोष्ट आहे. २०१३ पासून तिने सिंगल्स बंद केलं. यात "जमलं नाही म्हणून सोपं धरलं" असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचा भाग जरा सावकाश वाचावा.

काका, "अर्धं कोर्ट" या शब्दावर माझा सगळ्यात जास्त राग आहे.

मी नोकरी लागल्यावर तिशीत टेनिस शिकले. शनिवार-रविवार सकाळी क्लबात डबल्स खेळते, फार वाईट खेळते. पण एवढं मला कळलंय की डबल्समध्ये कोर्ट अर्धं होत नाही, वेळ अर्धा होतो. समोरचा एक माणूस नेटवर उभा असतो, तुमच्यापासून काही हातांवर, आणि त्याचं काम एकच, तुमचा रिटर्न जरा जरी मधोमध आला की झडप घालून तो तुमच्याच पायात मारायचा. सिंगल्समध्ये रिटर्न खोल टाकला, मधे टाकला, चालतं, रॅली सुरू होते. डबल्समध्ये तोच रिटर्न म्हणजे आत्महत्या. तुम्हाला तो नेटवरच्या माणसाला चुकवून, क्रॉस, खाली, जोरात, असा एका चिंचोळ्या पट्टीत टाकावा लागतो आणि तोसुद्धा समोरून सर्व्ह येत असताना. हे जगात सगळ्यात चांगलं करणाऱ्यांमध्ये कोण होतं ते आता सांगायला नकोच. ती ड्यूस कोर्टवर, म्हणजे उजव्या बाजूला, उभी राहून फोरहँड रिटर्न जो मारायची त्याने समोरची सर्व्ह करणारी बाई मागे रेटली जायची आणि पार्टनरला नेटवर पुढची व्हॉली आयती मिळायची.

शिवाय नियम बघा. टूरवर डबल्समध्ये ड्यूसला, म्हणजे ४०-४० झालं की, अ‍ॅडव्हांटेज नसतो, एकच पॉइंट, जो जिंकला त्याचा गेम. एकेक सेट झाला की तिसरा सेट नसतोच, दहा पॉइंटचा टायब्रेक. म्हणजे एखादा वाईट मिनिट आणि मॅच गेली. लॉटरी वाटावी असा फॉर्मॅट आहे. (ग्रँड स्लॅमच्या विमेन्स डबल्समध्ये तेवढा तिसरा सेट पूर्ण खेळायचे.) या फॉर्मॅटमध्ये सानिया आणि हिंगिस सलग ४१ मॅच हरल्या नाहीत. एक्केचाळीस! ऑगस्ट २०१५ मध्ये सिनसिनाटीला हरल्या, त्यानंतर थेट फेब्रुवारी २०१६ मध्ये दोह्याला. मधे यूएस ओपन जिंकलं, वर्षअखेरच्या डब्ल्यूटीए फायनल्स जिंकल्या, ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलं. त्याआधी इतक्या सलग मॅच कोणी जिंकल्या होत्या तर याना नोवोत्ना आणि हेलेना सुकोवा, १९९० मध्ये, ४४. (सगळ्यात वर नवरातिलोवा आणि श्रायव्हर आहेत, १०९, पण त्या दोघी माणसं नव्हत्याच असं माझं मत आहे.)

आता विम्बल्डन २०१५ ची फायनल. मला या मॅचवर वेगळं पत्र लिहायचं होतं पण इथेच लिहिते. समोर एकातेरिना माकारोव्हा आणि एलेना व्हेस्निना. व्हेस्निना म्हणजे सानियाचीच जुनी पार्टनर, २०११ ला दोघी मिळून फ्रेंच ओपनची फायनल खेळून हरल्या होत्या, तिला सानियाचा प्रत्येक शॉट पाठ. पहिला सेट ५-७ गेला. दुसरा टायब्रेकवर घेतला. तिसऱ्यात २-५. म्हणजे समोरच्यांना एक गेम हवा आणि टायटल. आमच्याकडे रात्र झालेली, आई म्हणाली बंद कर आता, हरल्या त्या. तिथून गेम बाय गेम त्या परत आल्या, ५-५ झालं, आणि अंधार पडला म्हणून मॅच थांबवून सेंटर कोर्टचं छत बंद करायला घेतलं. ती थांबलेली मिनिटं मी घरात येरझाऱ्या घातल्या. छताखाली दिव्यांत परत सुरू झाल्यावर दोन गेम, संपलं, ७-५. हिंगिस उड्या मारत होती आणि सानिया नुसती तोंडावर हात धरून उभी. विम्बल्डनची विमेन्स डबल्स जिंकणारी पहिली भारतीय बाई. २००३ मध्ये अलिसा क्लेबानोव्हाबरोबर मुलींची डबल्स जिंकली होती याच विम्बल्डनवर, मधे १२ वर्षं.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात ही बातमी होती तिथे मला ती शोधावी लागली. पान उलटल्यावर. मी नाव घेणार नाही, पण पहिल्या पानावर कुठल्या तरी क्रिकेटपटूच्या पायाचा स्नायू होता.

"चांगला पार्टनर मिळाला." या मुद्द्यावर येते कारण हा मुद्दा वरवर बरोबर वाटतो. हिंगिसचे हात जगात भारी होते, नेटवर ती जादूगार, कोणीच नाकारत नाही. पण काका, हिंगिसला पण पार्टनर लागत होता ना? रिटायरमेंटमधून डबल्ससाठी परत आल्यावर तिला विमेन्स डबल्सचं पहिलं ग्रँड स्लॅम मिळालं ते सानियाबरोबरच. मार्च २०१५ ला दोघी एकत्र आल्या आणि पहिल्या तीन स्पर्धा, इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्स्टन, तिन्ही जिंकल्या, आणि १३ एप्रिल २०१५ ला सानिया नंबर वन झाली. डबल्सचं रँकिंग जोडीचं नसतं, प्रत्येकीचं वेगळं असतं. नंबर वन सानिया झाली, हिंगिस तिच्या शेजारी येऊन बसली ती पुढच्या वर्षी. कारण सानिया त्याआधीच कारा ब्लॅकबरोबर सिंगापूरला २०१४ च्या डब्ल्यूटीए फायनल्स जिंकून आली होती, फायनलचा स्कोअर ६-१, ६-०. तेव्हा हिंगिस कुठे होती?

आणि माझा सगळ्यात आवडता किस्सा. ऑगस्ट २०१६ मध्ये सानिया-हिंगिसची जोडी फुटली. सगळे म्हणाले आता बघू. लगेच सिनसिनाटीला सानिया बार्बोरा स्ट्रायकोव्हाबरोबर खेळली, हिंगिस कोको वँडवेगेबरोबर, दोघी नेमक्या फायनलला समोरासमोर. सानिया जिंकली, आणि तोपर्यंत दोघींमध्ये वाटून असलेला नंबर वन तिचा एकटीचा झाला. हा सीन कोणी सिनेमात लिहिला असता तर आपण म्हटलं असतं जरा जास्तच केलंय. एकूण ९१ आठवडे ती नंबर वन होती. डबल्सची ४३ टायटल्स. सहा ग्रँड स्लॅम, त्यातली तीन मिक्स्डची, दोन महेश भूपतीबरोबर (२००९ ऑस्ट्रेलियन, २०१२ फ्रेंच) आणि एक २०१४ ला यूएस ओपनला ब्राझीलच्या ब्रुनो सोरेसबरोबर, तिसरा सेट म्हणजे टायब्रेक ११-९. लिझेल ह्यूबर, व्हेस्निना, ब्लॅक, हिंगिस, स्ट्रायकोव्हा, नादिया किचेनोक, झांग श्वाई. इतके वेगवेगळे पार्टनर आणि प्रत्येकीबरोबर टायटल, मग यातला कॉमन फॅक्टर कोण? इंजिनिअरिंगला आम्हाला असं शिकवलं होतं की सगळं बदललं आणि रिझल्ट तोच आला तर जे बदललं नाही ते बघा.

पार्टनरवरून आठवलं, २०१२ चं लंडन ऑलिम्पिक. तेव्हा पुरुषांमध्ये कोण कोणाबरोबर खेळणार यावरून जो तमाशा झाला, भूपती आणि बोपन्ना दोघेही पेसबरोबर खेळायला तयार नव्हते, सगळ्यांना माहितीय. त्यात लिअँडर पेसची समजूत काढायला म्हणून मिक्स्डला सानियाची जोडी त्याच्याबरोबर, असा तोडगा निघाला. भूपतीबरोबर तिने नुकतंच फ्रेंच ओपन जिंकलं होतं, पण तिला कोणी विचारलं नाही. तिने लेखी निवेदन काढलं आणि स्पष्ट म्हटलं की मला आमिष म्हणून वापरलं गेलं आणि एकविसाव्या शतकातली भारतीय स्त्री म्हणून हे अपमानास्पद आहे. आणि मग देशासाठी पेसबरोबर खेळली, क्वार्टर फायनलपर्यंत गेली, जिथे हरली त्या अझारेन्का-मिर्नी जोडीने गोल्ड घेतलं. मला तिचं ते निवेदन तिच्या कुठल्याही फोरहँडइतकंच आवडतं. आपल्याकडे खेळाडू सहसा रिटायर झाल्यावर बोलतात, ही खेळत असताना बोलली.

तिच्या लग्नाबद्दल आणि बाकी घरातल्या गोष्टींबद्दल मी एक ओळ लिहिणार नाही, त्याबद्दल तुम्ही सगळ्यांनी आधीच भरपूर बोलून झालंय. "पाकिस्तानची सून" हे २०१४ ला ऐकवलं गेलं तेव्हा ती भारतासाठीच खेळत होती, त्याच वर्षी एशियन गेम्समध्ये साकेत मायनेनीबरोबर गोल्ड आणलं. आणि २०१६ मध्ये जगात नंबर वन असताना एका नामवंत टीव्ही पत्रकाराने तिला कॅमेऱ्यासमोर विचारलं की सेटल कधी होणार. तिने तिथल्या तिथे सुनावलं, त्यांनी तिथल्या तिथे माफी मागितली, तेवढं बरं झालं. पण खरं सांगा, मंडळी, तो प्रश्न त्यांच्या एकट्याचा होता का? उचलली जीभ लावली टाळ्याला, हे आपण सगळेच करतो.

राहिलेल्या गोष्टी पण सांगते, नाहीतर म्हणाल भक्त आहे. चार ऑलिम्पिक खेळून मेडल नाही. रिओला बोपन्नाबरोबर सेमीफायनलला पहिला सेट घेऊन व्हीनस विल्यम्स आणि राजीव रामविरुद्ध हरली, मग ब्राँझची मॅच पण गेली. टोकियोला अंकिता रैनाबरोबर पहिला सेट ६-० जिंकून, दुसऱ्यात ५-३ ला पुढे असताना हरली. हे दुखतं. फ्रेंच ओपनची विमेन्स डबल्स पण राहिली. पण ही यादी बघून मला वाटतं, एखादीच्या न मिळालेल्या गोष्टींची यादी इतकी वजनदार असेल तर मिळालेल्या काय असतील.

आणखी एक, हे संघटना चालवणाऱ्यांनी पण ऐकावं. २००८ च्या बंगळुरूनंतर मुख्य दर्जाची डब्ल्यूटीए स्पर्धा आपल्या देशात परत आली ती थेट २०२२ ला, चेन्नईला. पुण्याला २०१२ ला एक झाली पण ती खालच्या, १२५ च्या दर्जाची. म्हणजे ती जगात नंबर वन असण्याचा जो सगळा काळ होता त्यात घरच्या प्रेक्षकांसमोर डब्ल्यूटीएची एकही मोठी स्पर्धा खेळायला तिला मिळाली नाही. आपण तिला रात्री उशिरा टीव्हीवर बघितलं नाहीतर सकाळी स्कोअर वाचला. मग "डबल्स कोण बघतं" असंही आपणच म्हणायचं. दाखवलं कोणी?

ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाला. मलाही त्याच्या पुढच्या वर्षी मुलगी झाली, म्हणून हा भाग मला जरा वेगळा कळतो. मी बाळंतपणानंतर पहिल्यांदा रॅकेट हातात घेतली तेव्हा दहा मिनिटांत बाकावर जाऊन बसले होते. तिने २६ किलो वजन उतरवलं आणि जानेवारी २०२० मध्ये पहिलीच स्पर्धा, होबार्ट, किचेनोकबरोबर खेळून जिंकली. पहिलीच. त्यानंतर पिंडरी दुखावली, कोविड आला, २०२१ ला ऑस्ट्राव्हाला झांगबरोबर अजून एक टायटल घेतलं, २०२२ हे शेवटचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तर कोपर दुखावलं. मनासारखं रिटायर व्हायचं म्हणून ती अजून थांबली, दुखापतीने मला बाहेर काढू नये एवढाच हट्ट.

आणि मग जानेवारी २०२३, मेलबर्न, रॉड लेव्हर अरीना, मिक्स्डची फायनल, शेजारी रोहन बोपन्ना. चौदा वर्षांची असताना मिक्स्डला पहिला पार्टनर हाच होता असं तिने माइकवर सांगितलं. हरली, ६-७, २-६, ब्राझीलच्या लुइसा स्टेफानी आणि राफाएल माटोस जोडीकडून. बोलताना रडली, २००५ ला अठरा वर्षांची असताना इथेच सेरेनाशी खेळले होते असं म्हणाली, मुलगा बाहेर बसला होता. मी ऑफिसमध्ये मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बघत होते आणि मला पण रडू आलं, सात-आठ मुलींची ती टीव्ही रूम आठवली, त्यातल्या दोघी आता कुठे आहेत तेही माहिती नाही. छत्तिसाव्या वर्षी ग्रँड स्लॅमची फायनल खेळून ती गेली. फेब्रुवारीत दुबईला शेवटची मॅच झाली, पहिल्याच राउंडला हरली, आणि मार्चमध्ये हैदराबादला त्याच लाल बहादूर स्टेडियमवर निरोपाची मॅच. शेणाच्या कोर्टवर शिकले असं ती सांगते तेच हैदराबाद.

तर माझ्या मागण्या फार नाहीत. पेपरवाल्यांनी "संपुष्टात" हा शब्द वर्षभर वापरू नये. क्लबातल्या सीनियर मेंबरांनी बायकांच्या डबल्सला कायम कडेचं, उखडलेल्या लाइनचं कोर्ट देणं बंद करावं, हा खरं तर वेगळा विषय आहे पण आलाच आहे तर लिहून टाकते. आणि आमच्या मावसबहिणीच्या मुलीला कोणी विचारू नये की तू सिंगल्स खेळणार की डबल्स. आठ वर्षांची आहे ती, सध्या बॉल नेटच्या पलीकडे गेला तरी नाचते.

आपली,
साखरपुड्यात गप्प बसलेली भाची

ता.क. काका, येत्या शनिवारी सकाळी साडेसहाला क्लबात या. रॅकेट मी देते. तुम्ही फक्त रिटर्न करायचा, मी समोर नेटवर उभी राहते. अर्धं कोर्ट तुमचं.